अदलियातले गळके सिलिंडर

ते प्रकरण नुसतं आठवलं तरी आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खोटे शिक्के मारणारे पाहिले. त्यांचा राग यायचा आणि फाइल बंद झाली की जायचा. या प्रकरणाचा राग काही जात नाही. इथे रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, पळून गेलेला आरोपी नव्हता. होता एक टाय घातलेला गोडबोल्या माणूस, आणि त्याला आपल्या हाताने चहा करून पाजणारी आपलीच शहाणीसुरती मराठी माणसं.

मराठी माणूस बहारीनच्या पोलिसांत कसा, असं कोणीही विचारेल, म्हणून आधीच सांगतो. वडील तिथे नोकरीला होते, मी तिथेच वाढलो, गल्लीत खेळता खेळता अरबी आली. पोलिसांत दुभाष्या म्हणून चिकटलो आणि हळूहळू तपासाचं कामही अंगावर पडलं. हिंदुस्थानी माणसाचं काही लफडं आलं की कागद सरळ माझ्या टेबलावर येत. तिथल्या कागदांची नावं अरबी होती, पण मी इथे तक्रार, जबाब, मुद्देमाल हे आपलेच शब्द वापरतो. नाव मात्र कोणाचंही लिहिणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे घरगुती गॅस म्हणजे सिलिंडर. प्रत्येक वस्तीचा ठरलेला गॅसवाला असे. तो पिकअप घेऊन गल्लीत यायचा, पान्याने सिलिंडरवर टणटण वाजवायचा, आणि बायका खिडकीतून हात करायच्या. राजधानी मनामातल्या अदलिया भागाच्या मागच्या गल्ल्यांत, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहत, तिथला गॅसवाला एक दाढीवाला वयस्क माणूस होता. सगळे त्याला चाचा म्हणत. राहायला जिदहफ्स नावाच्या वस्तीत, एका खोलीत चारसहा जणांबरोबर. पिकअप आणि परवाना त्याच्या कफीलाचा, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या बहारीनी मालकाचा.

एका शनिवारी सकाळी, शुक्रवारची सुट्टी संपून आठवड्याचं काम सुरू होतं न होतं तोच, एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. मूळ पुण्याचे, एका बँकेत हिशेबाच्या कामावर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात टाइप केलेली इंग्रजी तक्रार. तक्रार अशी की हा चाचा मुदत संपलेले, गळके सिलिंडर लोकांच्या घरात बसवतो आणि माणसांच्या जिवाशी खेळतो. त्यांच्या घरातला सिलिंडर गळत असल्याचं तपासणीत सिद्ध झालं होतं.

"तपासणी कोणी केली?" मी विचारलं.

"एका सज्जन मराठी गृहस्थांनी. फार व्यवस्थित माणूस. चपला दाराबाहेर काढून आत आला, हो."

चपला बाहेर काढणं हा आमच्याकडे पुरावा मानत नाहीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं आणि तक्रार दाखल करून घेतली, कारण गॅसचा मामला होता. दुपारपर्यंत त्याच गल्लीतले आणखी दोघं आले आणि तेच बोलले. वरून हुकूम आला आणि चाचाला कोठडीत बसवावं लागलं.

त्याच्या कफीलाला मी फोन केला. मला वाटलं, आपल्या माणसासाठी दोन शब्द तरी बोलेल. तो म्हणाला, "खलास. मला कटकट नको. परवाना जाईल माझा. गुरुवारच्या विमानात बसवा त्याला."

तिथे पोलीस केसमध्ये माणूस परत पाठवला की त्याच्या पासपोर्टवर तसा शिक्का बसे आणि आखातात कुठेही त्याला पुन्हा व्हिसा मिळत नसे. नोकरी जाणं एक, आणि गुन्हेगार म्हणून गावी उतरणं दुसरं. चाचाला ते माझ्याआधी कळलं होतं. कोठडीच्या दाराशी मी गेलो तेव्हा तो उभाच राहिला.

मी सवयीने हिंदीत सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गाव. गाव त्याने रत्नागिरी जिल्ह्यातलं सांगितलं. मी मराठीत बोलायला लागलो, तसा त्याचा चेहरा पार बदलला.

"साहेब, माजा काय चुकला ता तरी सांगा. इतकी वर्सा सिलिंडर चढवतंय. कुनाचा जळला काय? कुनाचा भडकला काय?"

"लोक म्हणतात गळतो."

"मग माज्याकडे का नाय बोलले? मी बदलून दिला असता. दारात तर रोज गाडी उभी असते माजी."

प्रश्न बरोबर होता. मी हवालदाराला घेऊन त्याच्या पिकअपमधले सगळे सिलिंडर तपासले. एकही गळत नव्हता. पण ते मालकाच्या गोदामातून ताजे भरून आलेले. तक्रारदारांच्या घरातले मागा म्हटलं, तर ते कुठे होते? तपासणी करणाऱ्या त्या सज्जनाने 'नष्ट करण्यासाठी' उचलून नेले होते आणि जागेवर आपले नवे बसवले होते. म्हणजे ज्या वस्तूवरून माणूस आत बसलेला, ती वस्तूच गायब. आणि हिशेबनीस साहेबांना यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

पहिली खबर मिळाली ती गल्लीतल्या कोल्ड स्टोअरवाल्याकडून. तिथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. दुकानदार केरळचा. अशा माणसाला गल्लीतलं सगळं दिसत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. मी थंड पेय घेऊन काउंटरशी टेकलो, तसा तो आपणहून हिंदीत म्हणाला, "साब, उस बुड्ढे को छोड़ दो. टाईवाले को देखो."

टायवाला म्हणे रोज सकाळी येतो. साहेब लोकांच्या गाड्या ऑफिसला गेल्या की दुकानात येऊन पेप्सी पितो आणि गप्पांत विचारतो, या बिल्डिंगमध्ये मराठी घरं कोणती. मल्याळी घरांत जात नाही, गोव्याच्या लोकांकडे जात नाही. खाली एक व्हॅन उभी असते, तिच्यात एक लोडर आणि नवे कोरे सिलिंडर.

आता मला धागा मिळाला. मनामाच्या बाजारामागे एक नवी गॅस एजन्सी उघडली होती आणि तिला गिऱ्हाईक हवं होतं. मी जबाब घ्यायला घरोघर निघालो, आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

आपल्या माणसाचा जबाब घेणं म्हणजे काय असतं, ते भोगल्याशिवाय कळत नाही. मी विचारायचो, तो माणूस आल्यावर काय म्हणाला? उत्तर यायचं, "अहो, तो ठाण्याचा निघाला! माझी मावसबहीण ठाण्याला असते." बरं, मग त्याने काय केलं? "मग मी चहा टाकला." सिलिंडरला हात कधी लावला? "चहा झाल्यावर. आलं घातलं होतं. त्याला आवडला फार." प्रत्येक घरात गावाची चौकशी, प्रत्येक घरात चहा. एका घरात तर त्याला पोहे दिले होते आणि पोह्यांना त्याने काय म्हटलं, हे मला दोनदा ऐकावं लागलं. मुख्य गोष्टीवर यायला अर्धा तास, आणि तोवर नवरा फोनवरून ओरडत असे, "साहेब, आमचं नाव नको हं मध्ये. व्हिसाचं बघावं लागतं."

तक्रार करताना व्हिसा आठवला नव्हता. ज्याच्यावर केली तो कोठडीत आहे, म्हटलं तर म्हणायचे, "हो, पण आम्ही काय खोटं बोललो?"

तरी सगळ्या जबाबांतून मिळून एक चित्र जमलं. टायवाला बेल वाजवायचा आणि मराठीत म्हणायचा, "वहिनी, गॅसच्या तपासणीसाठी आलोय." सरकारकडून आलो असं तोंडाने म्हणायचा नाही, पण गळ्यात फोटोचं कार्ड आणि हातात पेटी असायची. चपला काढायचा. गाव विचारायचा. चहा घ्यायचा. चहा झाला की शेगडी बंद करायला लावून ओट्याखाली वाकायचा आणि नाक ओढायचा. "वास येतोय का हो तुम्हाला?" आता असं कोणी विचारलं की कोणाला वास येत नाही? मग रेग्युलेटरवर बोट फिरवून हलक्या आवाजात म्हणायचा, "थोडं पुसून घेतो हं." तेलकट रेग्युलेटर पाहून ती बिचारी शरमेने इकडेतिकडे बघायची. पुसल्यावर तो बाटलीतलं पाणी फवारायचा आणि सांध्यावर फसाफसा फेस यायचा.

"हे बघा, गळतोय! मुलं कुठायत? खिडक्या उघडा आधी!"

मुलांचं नाव निघालं की पुढचं सोपं. आजच सही करा, आत्ता बदलून देतो. नव्या सिलिंडरचं तोंड वेगळ्या मापाचं, म्हणून जुना रेग्युलेटरही काढून न्यायचा. म्हणजे उद्या चाचा दारात आला तरी त्याचा सिलिंडर त्या घरात बसणारच नाही. जाताना काळजीच्या सुरात सांगायचा, त्या गॅसवाल्याची तक्रार करा हं, दुसऱ्या कोणाचा जीव जायला नको.

मी टायवाल्याला बोलावलं. एवढा नम्र आरोपी मी पाहिला नाही. मला साहेब म्हणाला, माझं गाव विचारलं, आणि मी सांगेपर्यंत स्वतःचं सांगून मोकळा झाला.

"साहेब, विक्री हा गुन्हा आहे का? मी सरकारी आहे असं एका शब्दाने म्हणालो नाही. विचारा कोणत्याही वहिनींना."

ते खरंच होतं. गळती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सही त्यांनी आपल्या हाताने केली होती. जुने सिलिंडर एजन्सीने मोडीत काढले होते. आणि तो माझ्यासमोर असतानाच त्याच्या एजन्सीच्या मालकाचा माझ्या साहेबांना फोन आला. साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं की पुरावा नसेल तर सभ्य माणसाला ताटकळत ठेवू नये. मी त्याला सोडलं. जाताना त्याने माझ्या हवालदाराशीही हात मिळवला.

त्या दिवशी मी सगळ्यांवर चिडलो होतो. साहेबांवर, हिशेबनिसावर, त्या मावसबहिणीवरसुद्धा. चाचाच्या कोठडीवरून मुकाट्याने निघून जायचं ठरवलं होतं, पण त्याने हाक मारली.

"साहेब, गुरवारचा नक्की झाला काय?"

"बघतोय मी," एवढंच म्हणालो.

जबाबांच्या यादीत एक घर राहिलं होतं, गल्लीतल्या एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचं. तिथलं जोडपं नागपूरकडचं. नवरा एसीच्या कंपनीत टेक्निशियन. आत बुद्धाची छोटी मूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्याने "जय भीम, साहेब" म्हणून मला बसवलं, पण चेहऱ्यावर इतर नवऱ्यांचंच ओझं होतं. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. मी त्यांना ताई म्हणायला लागलो.

तोच क्रम. आला, चपला काढल्या, गाव विचारलं. माझा पेन चहावर येऊन थांबला. मी न विचारताच लिहायला लागलो की चहा दिला.

"चहा नाही दिला साहेब," ताई म्हणाल्या. "शरबत दिलं. लिंबाचं."

मी खाडाखोड केली. जिना चढून घामाघूम झालो होतो, चिडलेला होतोच. बाकी सगळ्या घरांत चहा आणि इथेच सरबत कशाला, असं वैतागून, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. ताई खाली बघायला लागल्या. नवरा म्हणाला, "सांग ना, गरमी होती म्हणून दिलं." ताई काहीच बोलल्या नाहीत.

एवढ्याशा प्रश्नाला माणूस गप्प बसला की पोलिसाचे कान उभे राहतात. मी वही मिटली आणि सरळ विचारलं, "ताई, चहा का नाही केलात?"

"आता कसं सांगू साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "गॅसच नव्हता ना घरात. सकाळीच सरला होता, भात चढवला तवाच. हे येऊन चाचाले फोन लावतील म्हणून मी थांबली होती. अन् तेवढ्यात तो आला. आपल्याकडचा माणूस, पहिल्यांदा घरी आलेला. त्याले कसं सांगू का घरात गॅस नाही? म्हणून शरबत दिलं अन् चूप बसली."

"सिलिंडर पूर्ण रिकामा होता?"

"टनटन वाजे. पेटतच नव्हता तर काय."

"आणि त्याला फेस आला?"

"लय आला! मलेही नवल वाटलं. पण म्या म्हटलं, थोडाफार राहिला असन खाली. उचलून नेताना त्याले कळलंच असन का रिकामा आहे म्हणून. तो काही नाही बोलला. मी त लाजेनं मेली साहेब."

रिकाम्या सिलिंडरमधून फसाफसा गॅस गळला होता. टायवाल्याला उचलताना कळलं आणि तो गप्प बसला, कारण त्याचं बिंग फुटलं असतं. ताईंना माहीत होतं आणि त्या गप्प बसल्या, कारण पाहुण्याला चहा देता आला नाही. आणि या गप्प बसण्यात एक माणूस कोठडीत होता. मला हसावं की ओरडावं कळेना. मी पाणी मागितलं.

नवरा लगेच म्हणाला, "साहेब, हे लिहू नका. उद्या कंपनीत कळलं का पोलिसात साक्ष दिली, तर माझा व्हिसा रिन्यू नाही करायचे."

मी त्याला समजावणार, तोच ताई बोलल्या. आवाज चढवला नाही, पण नवऱ्याकडे बघून बोलल्या. "अन् त्या चाचाचं काय? भरल्या उन्हात सिलिंडर वर घेऊन येते तो. आत या म्हटलं त येत नाही, पाणी दारातच पिते. त्याले असं धाडून देऊ का आपण? मी येते साहेब. कुठं बोलायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी टायवाल्याला पुन्हा बोलावलं, या वेळी पेटीसकट. तो हसतमुखच आला. मी म्हणालो, "आमच्या चहाच्या खोलीतली शेगडी जरा बघा हो. वास येतोय."

खरं तर मला भीती होती की तो सावध होईल. पण घरोघर सगळ्यांना फसवलेल्या माणसाला समोरचा आपल्याला फसवत असेल असं वाटतच नाही. त्याने वाकून नाक ओढलं, डब्यातलं ओलं फडकं काढलं, सांधा पुसला, बाटली फवारली. फेस!

"बघा साहेब. तुमच्याकडेसुद्धा."

मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं. माझ्या खोलीत येऊन तिथल्या लोखंडी कपाटाचा दांडा त्याच फडक्याने पुसला आणि त्याचीच बाटली फवारली. दांड्यावर पांढराशुभ्र फेस फसफसला आणि खाली गळला.

माझा बहारीनी हवालदार दारात उभा होता. तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, कपाट गळतंय. यल्ला, चला, इमारत रिकामी करू?"

फडक्याला खायचा सोडा होता, बाटलीत शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि भांडी घासायचा साबण. बाईला शरमेने मान वळवायला लावून तो जे पुसत होता, तीच खरी करामत होती. आणि सगळ्या घरांनी त्याच पुसण्याचं कौतुक माझ्याकडे केलं होतं, किती स्वच्छ माणूस म्हणून!

टायवाला खाली बसला. नम्रपणा अजून सुटला नव्हता. "साहेब, कंपनी टार्गेट देते. मी कोणाचं काय लुबाडलं? भरलेला सिलिंडर दिलाच ना प्रत्येकाला?"

"आणि तो आत बसलाय त्याचं काय?"

"कोण?"

"गॅसवाला. ज्याची तक्रार करा म्हणून तू घरोघर सांगत फिरलास."

"त्याला तर मी पाहिलंही नाही साहेब," तो म्हणाला, आणि हे तो बचाव म्हणून सांगत होता. त्या क्षणी मला माझे हात मागे बांधून ठेवावे लागले. आवाज मात्र मला आवरता आला नाही, आणि तो म्हणे बाहेरच्या पार्किंगपर्यंत गेला.

पण कपाटाचा फेस एकटा पुरणार नव्हता. घरात हेच केलं हे सांगणारं माणूस हवं होतं. मी सगळ्या घरांना निरोप धाडले. हिशेबनीस आले, ते आपल्या तक्रारीची प्रत घेऊन. बाकी कोणाला मीटिंग होती, कोणाच्या मुलीची परीक्षा. ताई आल्या. चांगली साडी नेसून, नवऱ्याला बरोबर घेऊन. जबाब मराठीत दिला, मी अरबीत सांगितला, कारकुनाने लिहिला, आणि पद्धतीप्रमाणे सगळ्यांसमोर वाचून दाखवला. घरात गॅस नव्हता म्हणून पाहुण्याला चहा देऊ शकले नाही, हे वाक्य मी मराठीत पुन्हा वाचलं तेव्हा ताईंचे कान लाल झाले. हिशेबनीस हसले. ताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि सही केली. माझ्या सबंध नोकरीत एवढ्या धीराची सही मी फार पाहिली नाही.

मग मी हिशेबनिसांना कपाटाचा प्रयोग दाखवला. ते फेसाला बोट लावून बघत म्हणाले, "पण मी तक्रार सद्हेतूनेच केली होती, हे कुठेतरी नमूद व्हावं." मी म्हटलं, करतो. तक्रार मागे घेण्याच्या कागदातली एक इंग्रजी चूक सुधारून त्यांनी सही केली.

तेवढ्यात हवालदार चाचाला घेऊन आला. मी त्याला मराठीत सांगितलं की तू मोकळा आहेस, तुझ्यावर काही नाही. चाचाने मराठीत विचारलं, "कागदावर पन नाय?" हिशेबनिसांनी चमकून बघितलं.

"तुम्हाला मराठी येते?"

"माजी भाषाच ती हाय साहेब."

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत!"

चाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मी बाहेर बसू काय साहेब?"

ताई उठून त्याच्यामागे गेल्या. बाहेरच्या बाकावर दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा ताई डोळे पुसत होत्या आणि नवरा चाचासाठी पाणी घेऊन उभा होता.

कफीलाला फोन केला. निर्दोष ठरला म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "अल्हम्दुलिल्लाह! चांगला माणूस आहे तो. तिकीट रद्द करतो, उद्यापासून कामावर पाठवा." मी मोठ्या आनंदाने बाहेर जाऊन चाचाला सांगितलं.

"शिक्का बसनार नाय ना पासपोर्टवर?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ता तिकीट राहू दे साहेब. मी जातंय."

मला वाटलं, घाबरलाय. मी त्याला सांगितलं की आता कोणी हात लावणार नाही, परवाना शाबूत आहे, नोकरी शाबूत आहे.

"ता समजला मला. पोलिसांनी धाडलेला मानूस म्हनून उतरायचा नव्हता, येवढाच होता. आता माज्या मनान जाईन." मग थोडं थांबून म्हणाला, "कोटडीत रोज वाटायचा, कुनीतरी येईल. येवढी दारा हायत. कुनी विचारायला पन नाय आला साहेब. ती बाई आली, तिचा बरा होऊ दे. पन त्या एका दारासाठी बाकीच्या दारात आता पाय चढायचे नाय."

मी खूप बोललो. चिडलोसुद्धा. इतकी धावपळ केली ती कशासाठी, असंही म्हणालो, जे मी म्हणायला नको होतं. तो ऐकून घेत राहिला आणि गुरुवारच्या विमानाने गेला. विमानतळावर शिक्का मारणाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि साधा, रजेवर जाणाऱ्या माणसाचा शिक्का मारला.

या प्रकरणातून काय शिकलात, असं तरुण अधिकारी मला विचारतात. साक्षीदार मुद्दा सोडून बडबडतो तेव्हा त्याला थांबवू नये, हे शिकलो. माणूस भीतीने जेवढं लपवतो त्याहून जास्त शरमेने लपवतो, हेही शिकलो. आणि दारात उभा राहून जो आपल्या भाषेत आपल्याच मुलांची भीती घालतो, त्याला चहा जरूर द्यावा, पण सही देऊ नये.

टायवाल्याला शिक्षा झाली, मुदत भरल्यावर त्याला परत पाठवलं. एजन्सीच्या मालकाने अशा माणसाशी आपला संबंध नसल्याचं लिहून दिलं आणि दुसरा टायवाला नेमला. काही आठवड्यांनी हिशेबनिसांचा स्टेशनवर फोन आला. नव्या एजन्सीवाले फोन उचलत नाहीत, घरात पाहुणे आलेत, गॅस संपलाय.

"तो आपला चाचा कुठे असतो हल्ली? जरा पाठवाल का?"

आपला चाचा! मी म्हणालो, तो गावाला गेला. ते म्हणाले, "असा कसा न सांगता गेला?" मी फोन ठेवून दिला. टायवाल्यावर लावायला माझ्याकडे कलम होतं, ते मी लावलं. पण चाचाला त्या गल्लीतून घालवलं ते काही त्याने एकट्याने नव्हे, आणि बाकीच्यांवर लावायला माझ्याकडे काहीच नव्हतं.